प्रकल्प नोंदी: सेशन काढून टोकन आणताना

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून काम सुरू. हे का करतोय ते आधीच लिहून ठेवते, कारण दोन आठवड्यांनी नेमकं तेच डोक्यातून जातं.

गेल्या महिन्यात एका वापरकर्त्याचा लॅपटॉप हरवला. त्यात आमचं ॲप्लिकेशन लॉगिन केलेल्या अवस्थेत उघडं होतं. "माझं खातं तेवढं सगळीकडून बंद करा," एवढंच त्यांचं म्हणणं. आमच्याकडे त्यावर एकच उपाय निघाला: सर्व्हर रीस्टार्ट करणं. सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे याच्या नोंदी, सर्व्हरच्या मेमरीत राहतात आणि कुठलं सेशन कोणाचं याची यादी कुठेच नाही. पासवर्ड बदलला तरी जुनं सेशन चालूच. शेवटी रीस्टार्ट केलं, आणि त्यांच्याबरोबर बाकीचे सगळेही बाहेर पडले. काहींचे अर्धवट भरलेले फॉर्म गेले. ते मला अजून खुपतं.

एवढंच दुखणं असतं तर सेशन डेटाबेसमध्ये हलवून भागलं असतं. फक्त ब्राउझरसाठी असलेल्या ॲप्लिकेशनला साधी सेशन कुकी पुरते, असं माझं आजही मत आहे. पण मोबाइल ॲप येतंय, आणि अहवाल तयार करणारी सेवा वेगळ्या मशीनवर गेली आहे. तिला वापरकर्त्यांचा डेटाबेस दिसत नाही, तरी समोरची विनंती कोणाची आहे हे तिला स्वतःला पडताळता यायला हवं. म्हणून टोकन: लॉगिनवर मिळणारा आणि पुढे विनंतीबरोबर पाठवायचा ओळखीचा पुरावा.

कामाच्या यादीत सगळ्यात वर मी "टोकन द्यायचं" लिहिलं नाही. "दिलेलं टोकन परत घ्यायचं" असं लिहिलं आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर आराखडा. दोन टोकन ठरली.

पहिलं ॲक्सेस टोकन, प्रत्येक विनंतीबरोबर जाणारं, जेडब्ल्यूटी (जेसन वेब टोकन) स्वरूपातलं. आरएफसी ७५१९ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात २०१५ साली ठरलेलं हे स्वरूप: हेडर, मजकूर आणि सही असे तीन तुकडे, मध्ये दोन टिंबं. मुदत १० मिनिटं. दुसरं रिफ्रेश टोकन, पहिलं संपलं की नवं मागण्यासाठी (तेच रिफ्रेश), ज्यात काहीच लिहिलेलं नाही. नुसते ३२ यादृच्छिक बाइट. मुदत ३० दिवस. पहिलं सही तपासून चालतं, डेटाबेस लागत नाही. दुसरं दर वेळी डेटाबेसमध्ये शोधावंच लागतं, आणि आपला ताबा तिथेच आहे.

नवख्या सहकाऱ्याने विचारलं, जेडब्ल्यूटीमधला मजकूर गुप्त असतो ना? नाही. मी एक टोकन घेऊन त्याच्यासमोर मधला तुकडा उलगडून दाखवला. वापरकर्त्याचा क्रमांक, मुदत, सगळं सरळ वाचता आलं. सहीमुळे मजकूर कोणी बदलला तर कळतं, तो वाचणं थांबत नाही. म्हणून टोकनमध्ये नाव, ईमेल काहीही ठेवायचं नाही.

सहीची पद्धत यावर जास्त वेळ गेला. एचएस२५६ सोपी आहे, पण तिच्यात सही करणारी आणि तपासणारी किल्ली एकच. ती अहवालाच्या सेवेला दिली की ती सेवा टोकन तपासू शकते तशी बनवूही शकते. तिथे कोणी घुसलं तर कुठल्याही वापरकर्त्याच्या नावाने टोकन तयार करेल. त्यामुळे खाजगी आणि सार्वजनिक किल्ल्यांची जोडी हवी: खाजगीने सही, सार्वजनिकने फक्त तपासणी. अशा दोन पद्धती समोर होत्या. आरएस२५६ मध्ये २०४८ बिटांच्या किल्लीने केलेली सही ३४२ अक्षरांची होते, ईएस२५६ ची ८६. टोकन प्रत्येक विनंतीबरोबर जाणार आहे, ईएस२५६ घेतलं. हेडरमध्ये किल्लीची ओळखही टाकली आहे, म्हणजे पुढे किल्ली बदलताना जुनी आणि नवी थोडा वेळ सोबत चालवता येतील.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लॉगिनवर टोकन मिळायला लागलं. तासाभरात ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये दिसलं की प्रत्येक विनंतीआधी एक रिफ्रेश जातोय.

टोकनमधली मुदत होती १७३८८३६६००. दहा अंकी आकडा, म्हणजे सेकंद. जावास्क्रिप्टमधलं घड्याळ तेरा अंकी आकडा देतं, म्हणजे मिलिसेकंद. दोन्हींची सरळ तुलना केली की आत्ता दिलेलं टोकनही कधीच संपलेलं ठरतं. एक हजाराने गुणलं, थांबलं.

पण गुणाकाराने मूळ प्रश्न सुटत नाही. चाचणीच्या एका मशीनचं घड्याळ सात मिनिटं पुढे निघालं, आणि तिथे दहा मिनिटांचं टोकन तीनच मिनिटं टिकत होतं. वापरकर्त्याच्या घड्याळावर विसंबायचंच नाही असं ठरवलं. सर्व्हर आता "अजून ६०० सेकंद चालेल" असं सांगतो, ब्राउझर तेवढे सेकंद मोजतो. आणि काहीही झालं तरी ४०१ ("ओळख पटली नाही" असा सर्व्हरचा नकार) आला की एकदा रिफ्रेश करून तीच विनंती पुन्हा पाठवायची. एकदाच. दुसऱ्यांदाही ४०१ आला तर लॉगिनचं पान.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज खोटी टोकन नाकारली जातात का याच्या टेस्ट. हा भाग मनापासून केला.

हेडरमध्ये सहीची पद्धत म्हणून "काही नाही" लिहून सही रिकामी ठेवायची, ही जुनी युक्ती. टोकन स्वतःच सांगतं मला कसं तपासा, आणि लायब्ररी ते ऐकते. दुसरी युक्ती अशी: पद्धत बदलून एचएस२५६ लिहायची आणि सर्वांना ठाऊक असलेली सार्वजनिक किल्लीच गुप्त किल्ली म्हणून वापरून सही करायची. २०१५ साली अनेक लायब्रऱ्यांमध्ये ही दोन्ही भोकं सापडली होती, आणि २०२० च्या आरएफसी ८७२५ मध्ये त्यांच्याबद्दल स्पष्ट सूचना आहेत. आमच्याकडे पद्धत कोडमध्येच पक्की केली आहे. टोकन काय म्हणतं ते विचारातच घेत नाही. दोन्ही टेस्ट पास.

तिसरी टेस्ट सगळ्यात साधी: सहीचं शेवटचं अक्षर बदलायचं, ४०१ यायला हवा. ही कधी पास, कधी फेल. चार वेळा चालवली की साधारण एकदा फेल, म्हणजे बिघडवलेलं टोकन चक्क स्वीकारलं जात होतं. दुपारी जेवणाआधी हे दिसलं आणि जेवण राहिलं बाजूला.

कारण सापडलं तेव्हा कागदावर मांडून पाहिलं. सही ६४ बाइटची, म्हणजे ५१२ बिट. बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) मध्ये प्रत्येक अक्षर ६ बिटांचं, ८६ अक्षरं म्हणजे ५१६ बिट. चार बिट उरतात, आणि ते शेवटच्या अक्षरात असतात. त्या अक्षराच्या सहापैकी दोनच बिटांना अर्थ आहे. म्हणून नीट लिहिलेली सही नेहमी चारच अक्षरांपैकी एकाने संपते: मोठा ए, मोठा क्यू, छोटा जी किंवा छोटा डब्ल्यू. माझी टेस्ट शेवटी मोठा बी टाकत होती. मूळ अक्षर ए असेल तर बी उलगडल्यावर तेच बाइट मिळतात, सही खरीच राहते. ईएस२५६ ची सही दर वेळी वेगळी येते, त्यामुळे चारातून एकदा ए यायचा.

धोका नव्हता, सही बदललीच नव्हती, तिचं लिखाण फक्त बदललं होतं. टेस्ट आता सहीच्या मधलं अक्षर बदलते. पण यातून एक गोष्ट आत्ताच टिपून ठेवते: रद्द टोकनांची यादी कधी ठेवावी लागली तर टोकनचा अख्खा मजकूर किल्ली म्हणून वापरायचा नाही. एकच टोकन वेगवेगळ्या लिखाणात येऊ शकतं. आतला क्रमांक वापरायचा.

१० फेब्रुवारी, सोमवार

स्टेजिंगवर, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर, टाकलं. प्रत्येक विनंतीला ४०१. माझ्या मशीनवर सगळं ठीक.

दोन वेगळी कारणं होती. एक, ब्राउझर आधी ऑप्शन्स विनंती पाठवून परवानगी विचारतो, तिच्यात टोकन नसतंच, आणि आमचं मिडलवेअर (प्रत्येक विनंती आधी तपासणारा भाग) तिलाही टोकन मागत होतं. क्रम बदलला. दोन, स्टेजिंगवर पायथॉन मॉड-डब्ल्यूएसजीआय या अपाचे सर्व्हरच्या मॉड्यूलमधून चालतं, आणि टोकन ज्यात जातं ते ऑथरायझेशन हेडर ॲप्लिकेशनपर्यंत पोचवायचं की नाही याची सेटिंग तिथे मुळात बंद असते. माहिती नसेल तर दिवस जातो. माझा अर्धा गेला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

रिफ्रेश टोकन कुठे ठेवायचं यावर टीममध्ये बराच वेळ बोललो. लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या साठवणीत) ठेवलं तर पानात घुसलेली कुठलीही स्क्रिप्ट ते उचलून नेते आणि पुढचे ३० दिवस आरामात वापरते. म्हणून कुकी: एचटीटीपी-ओन्ली (स्क्रिप्टला वाचता येत नाही), सिक्युअर (फक्त सुरक्षित जोडणीवर जाते), सेमसाइट स्ट्रिक्ट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर जात नाही), नावाला होस्टचा उपसर्ग (आमच्याच होस्टपुरती राहते). ॲक्सेस टोकन फक्त पानाच्या मेमरीत. मोबाइलवर रिफ्रेश टोकन आयओएसच्या कीचेनमध्ये आणि अँड्रॉइडच्या कीस्टोरमधल्या किल्लीने कुलूपबंद.

एक शंका आली होती, की ईमेलमधल्या दुव्यावरून कोणी आलं तर स्ट्रिक्ट कुकी जाणार नाही आणि माणूस लॉगआउट झालेला दिसेल. करून पाहिलं. पहिल्या पानाच्या विनंतीबरोबर ती खरंच जात नाही. पण आमचं पान उघडल्यावर तेच रिफ्रेश मागतं, ती विनंती आमच्याच साइटची असते आणि तिच्यात कुकी जाते. अडचण नाही.

कुकीत ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं असं मात्र म्हणायचं नाही. घुसलेली स्क्रिप्ट टोकन वाचू शकणार नाही, पण पान उघडं असेपर्यंत त्या माणसाच्या नावाने विनंत्या पाठवू शकेल. त्याचा बंदोबस्त वेगळा करायचा आहे.

टेबलमध्ये टोकन नाही, त्याचा एसएचए-२५६ हॅश ठेवतो, म्हणजे ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असा ठसा. पासवर्डसारखा मुद्दाम संथ हॅश इथे लागत नाही, कारण २५६ यादृच्छिक बिट कोणी अंदाजाने शोधू शकत नाही. एका ओळीत हॅश, कोणत्या टोकनापासून निघालं, कोणत्या लॉगिनच्या साखळीतलं (एका लॉगिनपासून एकामागून एक निघालेली टोकन म्हणजे साखळी), कधी वापरलं, कधी संपतं. प्रत्येक रिफ्रेशला जुनं बाद, नवं हाती. बाद झालेलं पुन्हा आलं तर ते दोघांकडे आहे असं धरून अख्खी साखळी रद्द.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दोन टॅब उघडून बसले आणि लॉगआउट झाले.

लॉगमधल्या दोन ओळी:
१०:४२:०७.३१८, पहिला टॅब, रिफ्रेश, यशस्वी.
१०:४२:०७.३३१, दुसरा टॅब, रिफ्रेश, तेच टोकन पुन्हा, साखळी रद्द.

तेरा मिलिसेकंदांचं अंतर. मशीन झोपेतून उठलं, दोन्ही टॅबमधली टोकन संपलेली, दोघांनी एकदम एकच कुकी पाठवली. कोडच्या दृष्टीने ही चोरीच.

याच्या आधीची आवृत्ती तर याहून वाईट होती. आधी ओळ वाचायची, वापरलेली नसेल तर खूण करायची, अशी दोन पावलं होती. दोन्ही विनंत्या पहिल्या पावलावर एकत्र पोचल्या की दोन्ही यशस्वी, आणि एका साखळीला दोन शेपट्या. आता एकच अपडेट आहे, "वापरलेली नसेल तरच खूण कर" आणि किती ओळी बदलल्या ते बघ. शून्य आल्या तर कोणीतरी आधीच येऊन गेलंय. म्हणजे सकाळची गफलत दिसली ती मुळात ही दुरुस्ती झाल्यामुळेच.

ब्राउझरच्या बाजूने वेब लॉक्स वापरले, म्हणजे एका वेळी एकाच टॅबला मिळणारं कुलूप. रिफ्रेश करण्याआधी टॅब कुलूप मागतो, मिळाल्यावर आधी बघतो की दुसऱ्या टॅबने एवढ्यात नवं टोकन आणून सगळ्यांना कळवलं आहे का. असेल तर रिफ्रेश करतच नाही. सहा टॅब उघडून मशीन तीनदा झोपवलं, उठवलं. प्रत्येक वेळी एकच रिफ्रेश.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मोबाइल ॲप करणारा सहकारी म्हणाला, फोनवर दिवसातून दोनदा तरी लॉगआउट होतंय. फोनमध्ये टॅब नाहीत.

तिथे गोष्ट वेगळी. विनंती सर्व्हरपर्यंत जाते, सर्व्हर जुनं बाद करून नवं पाठवतो, आणि नेमकं नेटवर्क जातं. नवं टोकन फोनला मिळतच नाही. फोन प्रामाणिकपणे जुनंच पुन्हा पाठवतो आणि चोर ठरतो.

थोडी सवलत द्यायलाच हवी होती. नियम असा केला: वापरलेलं टोकन ठरावीक सेकंदांच्या आत पुन्हा आलं, आणि त्यापासून निघालेलं टोकन अजून एकदाही वापरलं गेलेलं नसेल, तर ते न वापरलेलं रद्द करायचं आणि नवं द्यायचं. सुरुवातीला १० सेकंद ठेवले, काही उपयोग झाला नाही. फोन उत्तराची वाट १५ सेकंद बघतो, त्यानंतरच पुन्हा प्रयत्न करतो. सवलत त्याच्या पलीकडे जायला हवी. ३० सेकंद केली.

या खिडकीतून खरा चोर घुसला तर? वहीत दोन्ही बाजू मांडून बघितल्या. चोराने सवलतीच्या आत जुनं टोकन चालवलं तर मालकाच्या हातातलं टोकन रद्द होतं. दहा मिनिटांत मालक ते रद्द टोकन घेऊन येतो आणि तिथे साखळी तुटते, दोघंही बाहेर. पकडणं थोडं उशिरा होतं, चुकत नाही. मला हे मान्य आहे. मात्र याच कारणाने ब्राउझरमधलं कुलूप काढता येणार नाही: दोन टॅबची उत्तरं उलट्या क्रमाने पोचली तर कुकीत रद्द झालेलं टोकन बसेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एका खात्याचे प्रशासकाचे अधिकार काढले आणि लगेच त्याच खात्यातून एक नोंद पुसून पाहिली. पुसली गेली. टोकनमध्ये भूमिका लिहिलेली होती, आणि ते टोकन अजून आठ मिनिटं खरं होतं.

भूमिका टोकनमधून काढली. आत आता फक्त वापरकर्त्याचा क्रमांक आणि साखळीचा क्रमांक. पुसणं, अधिकार देणं, पासवर्ड बदलणं, माहिती बाहेर नेणं, या कामांना भूमिका आणि साखळी दोन्ही डेटाबेसमधून तपासायच्या. बाकी वाचण्याच्या विनंत्यांना सही पुरे.

मग सेशनपेक्षा वेगळं काय केलं, असा प्रश्न रिव्ह्यूमध्ये आला, आणि तो रास्त आहे. विनंत्यांतला मोठा वाटा नुसत्या वाचनाचा आहे, तिथे डेटाबेस लागत नाही. अहवालाच्या सेवेला तर कधीच लागत नाही. जिथे चूक परत फिरवता येत नाही तिथेच आम्ही विचारायला जातो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अहवालाच्या डाउनलोडचा दुवा मोडला. साधा दुवा दाबल्यावर ब्राउझर स्वतःहून ऑथरायझेशन हेडर जोडत नाही. कुकी मात्र जोडायचा, म्हणून आजवर हे कधी जाणवलंच नव्हतं. पत्त्यातच टोकन चिकटवा असा झटपट उपाय सुचवला गेला, तो मी अडवला. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो, कॉपी करून दुसऱ्याला पाठवला जातो. त्याऐवजी बटण दाबलं की आधी एक चिठ्ठी मिळते: एकाच फाइलची, एकाच वापराची, ६० सेकंदांची. दुव्यात ती जाते. कोणाच्या हाती लागली तरी तोवर निकामी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लॉग तपासले. जेडब्ल्यूटी कुठेही पडलेलं असलं तरी शोधणं सोपं असतं, कारण महिरपी कंस आणि अवतरणचिन्ह बेस६४ मध्ये गेले की सुरुवातीची तीन अक्षरं नेहमी ई-वाय-जे अशीच येतात. तेवढं शोधलं. स्टेजिंगच्या लॉगमध्ये एकोणीस ओळी निघाल्या. १० तारखेला हेडर पोचतंय का बघायला मीच ते छापत होते आणि ती ओळ काढायची राहिली होती. काढली, जुने लॉग पुसले, आणि लॉग लिहिणाऱ्या भागातच हे हेडर झाकून टाकलं. बिल्ड होताना टेस्टचे लॉगही याच तीन अक्षरांसाठी चाळले जातात, सापडलं तर बिल्ड थांबतं.

३ मार्च, सोमवार

प्रत्यक्ष सर्व्हरवर. दोन आठवडे जुनं सेशन आणि नवं टोकन दोन्ही चालतील. जुनी कुकी घेऊन आलेल्याला न विचारता टोकनवर नेलं जातं. जुनी कुकी आहे तोवर फॉर्मवरचं सीएसआरएफ संरक्षण (दुसऱ्या साइटने वापरकर्त्याच्या कुकीवर विनंती पाठवू नये यासाठीचं) जागेवरच.

५ मार्च, बुधवार

ज्यासाठी हे सगळं केलं ती चाचणी आज. एक खातं फोनवर आणि दोन ब्राउझरमध्ये उघडलं. तिसऱ्या मशीनवरून सेटिंगमध्ये गेले. चारही ठिकाणं यादीत दिसली, प्रत्येकासमोर शेवटच्या वापराची वेळ. "सगळीकडून बाहेर पडा" दाबलं, ११:२० वाजता.

फोनवर लगेच एक नोंद पुसायला गेले: नकार. पहिल्या ब्राउझरमध्ये यादी वाचता येत होती, ११:२३ पर्यंत, मग लॉगिनचं पान. दुसऱ्याचं टोकन ताजं होतं, त्यात ११:२९ पर्यंत वाचता आलं. ही नऊ मिनिटं मला माहीत होती, तरी घड्याळाकडे बघत बसले तेव्हा लांब वाटली. हरवलेल्या लॅपटॉपसमोर कोणी बसलं असेल तर नऊ मिनिटांत बरंच वाचून होतं. ॲक्सेस टोकनची मुदत पाच मिनिटांवर आणली. रिफ्रेश दुप्पट होतील, टेबलला ते झेपतं.

१७ मार्च, सोमवार

जुन्या सेशनचा कोड काढला. तातडीच्या कामांच्या कागदावर "उपकरण हरवल्यास" याखाली एकच ओळ होती: सर्व्हर रीस्टार्ट करा. ती खोडली आणि तिथे लिहिलं: खात्याच्या पानावर जा, सर्व साखळ्या रद्द करा, पाच मिनिटांनी पुन्हा तपासा, वापरकर्त्याला फोन करून सांगा. लॅपटॉप हरवलेल्या त्या वापरकर्त्यालाही आज कळवलं, की हे बटण आता त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये आहे.